बेघर कुटुंबांसाठी लोकवर्गणीतून उभारलेला डिपॉझिट निधी: एका वर्गणीदाराचे परीक्षण

दादर, नायगाव आणि परळ या भागांतील काही गृहनिर्माण संस्था, दोन गणेशोत्सव मंडळे आणि बाजारातील मोजके दुकानदार यांनी एकत्र येऊन फुटपाथवर राहणाऱ्या कुटुंबांना भाड्याची खोली मिळवून देण्यासाठी एक सामायिक निधी उभारला आहे. मी या निधीची वर्गणीदार आहे, त्याच्या मासिक बैठकांना बसते आणि त्याचे हिशेब वाचते. आपल्या भागात असा निधी सुरू करू पाहणाऱ्यांना, तसेच एखाद्या चालू निधीला पैसे द्यावेत की नाही याचा विचार करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. निधीचे नाव लिहिलेले नाही, कारण ज्या कुटुंबांना मदत मिळाली ती आजही त्याच रस्त्यांवर व्यवसाय करतात आणि नावावरून ती सहज ओळखू येतील. माझे मत आधीच नोंदवते. निधीची मूळ कल्पना फार चांगली आहे, व्यवहार स्वच्छ आहे आणि पैसे देण्यास तो योग्य आहे. मात्र खोली मिळाल्यानंतरच्या काळाकडे त्याचे लक्ष कमी पडते आणि एकट्या माणसासाठी त्याच्याकडे जवळजवळ काहीच नाही.

फुटपाथवर राहणारे बहुतेक प्रौढ लोक काम करतात. कोणी हार ओवते, कोणी भाजी निवडते, कोणी हातगाडी ओढते, कोणी सकाळी नाक्यावर उभे राहून बांधकामाची रोजंदारी मिळवते, तर लग्नसराईत कोणी वाढपी म्हणून जाते. या कमाईतून महिन्याचे भाडे ओढाताण करून निघू शकते. निघत नाही ते डिपॉझिट. समजा, वडाळा किंवा गोवंडीच्या एखाद्या वस्तीत दहा बाय दहाची खोली महिना ६,००० रुपयांना मिळते आहे. मालक ३०,००० रुपये डिपॉझिट मागतो, एजंट एका महिन्याचे भाडे दलाली म्हणून घेतो आणि पहिल्या महिन्याचे भाडे आगाऊ द्यावे लागते. म्हणजे चावी हातात येण्यापूर्वी ४२,००० रुपये मोजावे लागतात आणि करारनाम्याचा खर्च वेगळाच. ज्याची सगळी शिल्लक कमरेच्या पिशवीत असते, त्याच्याकडे एवढी रक्कम एकरकमी जमत नाही. पावसाळ्यात काम थांबते, मूल तापाने फणफणते, पालिकेची अतिक्रमणविरोधी गाडी येऊन ताडपत्री, भांडी, स्टोव्ह आणि कागदपत्रांची पिशवी उचलून नेते, आणि जमवलेले पुन्हा मोडावे लागते. वर्षानुवर्षे नियमित कमावणारी कुटुंबे फुटपाथवरच का राहतात, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या एका रकमेत आहे.

या निधीने नेमकी हीच रक्कम हेरली आहे. डिपॉझिट निधीच्या खात्यातून थेट मालकाच्या खात्यात जाते आणि खोली सोडताना ते निधीलाच परत करायचे, असे कलम करारात असते. पहिले तीन महिने भाड्याचा काही वाटा निधी उचलतो, दर महिन्याला तो कमी करत जातो आणि चौथ्या महिन्यापासून सगळे भाडे कुटुंब भरते. गावात लग्नकार्यासाठी देवळातली सामायिक भांडी नेतात आणि काम झाले की घासूनपुसून परत आणून ठेवतात, तसे हे डिपॉझिट एका घरातून दुसऱ्या घरात फिरते. त्यामुळे ब्लँकेट, खाऊची पाकिटे किंवा एक वेळचे जेवण वाटण्यावर खर्च होणारा पैसा आणि हा पैसा यांत मोठा फरक पडतो. ब्लँकेट वाटणाऱ्यांविषयी मला आदरच आहे, पण मुंबईच्या हवेत बेघर माणसाचा खरा शत्रू पाऊस आहे, आणि भिजलेले ब्लँकेट दुसऱ्या दिवशी वाळवायलाही त्याच्याकडे जागा नसते.

निधी सुचवणाऱ्यांच्या मनात या शहराचा एक जुना अनुभव होता, हे पहिल्याच बैठकीत जाणवले. भायखळ्याच्या फुटपाथवरील स्त्रियांनी १९८६ साली महिला मिलन ही संघटना उभी केली. त्याआधी, १९८४ मध्ये स्थापन झालेल्या स्पार्क या संस्थेने तिथल्या फुटपाथवासीयांची पाहणी केली होती. या स्त्रिया रोजच्या कमाईतून बाजूला काढलेली थोडी थोडी रक्कम एकमेकींकडे जमा करत, अडीनडीला त्यातून कर्ज घेत आणि स्वतःच्या घराचा आराखडाही स्वतः आखत. पुढे त्यांच्यापैकी अनेक कुटुंबांचे मानखुर्दच्या मिलन नगरात पुनर्वसन झाले. बाहेरून आलेल्या देणगीपेक्षा आपल्या बचतीवर आणि आपल्या निर्णयावर उभे राहिलेले ते काम होते. आमच्या निधीने त्यातून दोन गोष्टी घेतल्या आहेत. मदतीसाठी अर्ज करणारे कुटुंब आधी काही महिने बचत करते, मग ती आठवड्याला पन्नास रुपये का असेना. आणि निर्णय घेणाऱ्या समितीत पूर्वी फुटपाथवर राहिलेल्या स्त्रिया असतात.

या दुसऱ्या गोष्टीचे मोल किती आहे, ते एका बैठकीत स्पष्ट दिसले. फुलबाजारात हार ओवणाऱ्या एका बाईंसाठी मानखुर्दची एक खोली जवळपास ठरली होती. भाडे कमी होते, मालक करार नोंदवून द्यायला तयार होता आणि समितीतील आम्हा नोकरदार मंडळींना त्यात काही खटकत नव्हते. तेवढ्यात समितीतल्या एका सदस्य बाईंनी विचारले, “ताई, तिथं पाणी किती वाजता येतं? आणि पहाटे फुलांच्या गाड्या लागतात तेव्हा पहिली लोकलसुद्धा सुटलेली नसते, मग ही बाजारात कशी पोचायची?” कोणाकडेच उत्तर नव्हते. खोली पाहून आलेल्या कार्यकर्त्याने छत, दार, मोरी आणि विजेचे मीटर पाहिले होते. पाण्याची वेळ विचारली नव्हती. फुले स्वस्त मिळतात ती पहाटेच, आणि उशिरा पोहोचणाऱ्या बाईला त्या दिवशी हाराच्या धंद्यात काही सुटत नाही. शेवटी शिवडीकडची थोडी महाग खोली पाहिली गेली आणि वाढीव भाड्याचा हिशेब त्या सदस्य बाईंनीच मांडून दाखवला: मानखुर्दहून रोज टॅक्सीने यायचे म्हटले तर महिन्याला किती, आणि इथे जास्तीचे भाडे किती.

मुंबईच्या फुटपाथवासीयांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हाही मुद्दा हाच होता. ओल्गा टेलिस खटल्याच्या १९८५ च्या निकालात न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, आणि माणसे फुटपाथवर राहतात ती काम जवळ असते म्हणून, हे वास्तव स्वीकारले. त्या निकालाने फुटपाथवर राहण्याचा हक्क दिला नाही. पावसाळा संपेपर्यंतची मुदत मात्र दिली. कामापासून तोडलेली खोली बेघर माणसाला पुन्हा रस्त्यावर आणते, ही गोष्ट तेव्हापासून नोंदवलेली असूनही पुनर्वसनाच्या योजनांत ती वारंवार विसरली जाते. आमच्या निधीत ती विसरली जात नाही, आणि माझ्या दृष्टीने ही त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

कागदपत्रांचे कामही निधी नेटाने करतो. निधीने त्यासाठी एक पगारी कार्यकर्ती नेमली आहे. हरवलेले आधार कार्ड पुन्हा काढणे, मुलांचे जन्मदाखले मिळवणे, शिधापत्रिकेचा अर्ज भरणे, बँकेत खाते उघडून देणे ही तिची रोजची कामे. मतदार नोंदणीबाबत तिने सांगितलेली एक गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. बेघर व्यक्तीला नमुना ६ हा मतदार नोंदणीचा अर्ज भरताना निवासाचा कागदोपत्री पुरावा देणे बंधनकारक नाही. अर्जात नोंदवलेल्या ठिकाणी मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री जाऊन ती व्यक्ती खरोखर तिथे झोपते का याची खात्री करतो, आणि खात्री पटली की तेवढे पुरते. अर्थात, हे नियमात असणे आणि रात्री कोणी येणे यांत अंतर असते. अधिकारी येईपर्यंत त्या कुटुंबाला तिथून हुसकावले गेले तर सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

या कार्यकर्तीच्या पगारावरून वर्गणीदारांत वाद झाला होता. “आम्ही गरिबांसाठी पैसे देतो, पगारासाठी नव्हे,” असे काहींचे म्हणणे होते. मला ते अजिबात पटत नाही. मालकाला चारदा भेटून त्याची भीती दूर करणे, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणे, करार नोंदणीच्या दिवशी कुटुंबाबरोबर बसणे ही कामे रविवारी वेळ मिळेल तशी करणाऱ्या स्वयंसेवकांवर सोपवता येत नाहीत. विशेषतः करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची असते. प्रत्यक्षात वस्त्यांमधील अनेक मालक स्टँप पेपरवर नोटरी करून विषय संपवतात. निधी नोंदणीचा आग्रह धरतो आणि तिचा खर्चही स्वतः करतो. त्यामुळे काही खोल्या हातच्या गेल्या, तरी डिपॉझिट बुडण्याची धास्ती कमी झाली आणि कुटुंबाच्या हाती पत्त्याचा भक्कम पुरावा आला. शाळेपासून गॅस जोडणीपर्यंत पुढच्या सगळ्या गोष्टी त्या पुराव्यावर अवलंबून असतात.

निधीचा एक छोटा भाग थकलेल्या भाड्यासाठी राखून ठेवलेला आहे आणि तो वाढवावा असे मला मनापासून वाटते. चाळ पुनर्विकासासाठी रिकामी होते तेव्हा मूळ भाडेकरूला पर्यायी जागेचे भाडे मिळते. पोटभाडेकरूच्या हाती काहीच पडत नाही. घरातला कमावता माणूस केईएममध्ये दाखल होतो आणि दोन महिन्यांचे भाडे थकते. अशा वेळी दोन महिन्यांचे भाडे देऊन खोली वाचवायला जो खर्च येतो, तो तेच कुटुंब रस्त्यावर आल्यानंतर नवे डिपॉझिट भरण्याच्या खर्चापेक्षा कितीतरी कमी असतो.

परळला टाटा रुग्णालयाच्या आसपास फुटपाथवर मुक्काम करणारे बाहेरगावचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक यांना मात्र हा निधी घेत नाही. त्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणांची माहिती देतो. सुरुवातीला मला हे कठोर वाटले होते. पण उपचारांपुरता निवारा आणि कायमची खोली या दोन गरजा वेगळ्या आहेत, आणि एवढ्या लहान निधीने दोन्ही अंगावर घेतल्या तर एकही धड होणार नाही, हे समितीचे म्हणणे आज मला मान्य आहे.

आता उणिवा. पहिली उणीव नियमांतच आहे: मदत कुटुंबालाच मिळते. एकटा पुरुष, मग तो वीस वर्षे मार्केटात हमाली करत असला तरी, अर्ज करू शकत नाही. मालक एकट्या पुरुषाला खोली द्यायला तयार होत नाहीत, असे कारण दिले जाते. ते खरे असले तरी पुरेसे नाही. चार जणांनी मिळून एक खोली घ्यायची पद्धत मुंबईला नवी नाही. गिरणगावात एकेका खोलीत पाळ्या लावून झोपणाऱ्या कामगारांवर हे शहर उभे राहिले. निधी त्या धर्तीवर सामायिक खोली घेऊ शकतो. ही सूचना बैठकीत एकाहून अधिक वेळा मांडली गेली आणि दर वेळी पुढच्या बैठकीवर ढकलली गेली. मानसिक आजार असलेल्या, एकट्या फिरणाऱ्या माणसांच्या बाबतीत निधी हात वर करतो, तेही चुकीचे आहे. त्यांच्यावर उपचार करणे त्याच्या आवाक्यात नाही, हे समजते. परंतु मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० नुसार अशा व्यक्तीला संरक्षण देऊन सार्वजनिक आरोग्यसंस्थेत पोहोचवणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे, आणि डॉ. भरत वाटवानी यांचे श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन कर्जतला रस्त्यावरील मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरच्यांपर्यंत पोहोचवण्याचे काम दीर्घकाळ करत आहे. कोणाला, कुठे, कोणत्या कागदासह न्यायचे याची टाचणे तयार ठेवणे आणि सोबत जाणे एवढे तरी निधी नक्कीच करू शकतो.

दुसरी उणीव मला अधिक गंभीर वाटते. करार अकरा महिन्यांचा असतो. अकरा महिन्यांनंतर मालक भाडे वाढवतो, खोली विकतो किंवा भावाच्या मुलाला देतो, आणि कुटुंब पुन्हा डिपॉझिटच्या शोधात निघते. निधीच्या वार्षिक अहवालात किती कुटुंबांना खोली मिळाली हे ठळक छापले जाते. त्यातील किती कुटुंबे अकरा महिन्यांनंतरही छपराखाली आहेत, किती दुसऱ्या खोलीत गेली आणि किती परत फुटपाथवर आली, याची नोंद मात्र सापडत नाही. ज्या आकड्यावरून या सगळ्या खटाटोपाचा खरा उपयोग कळणार, तोच आकडा अहवालात नाही. नवव्या महिन्यात मालकाशी बोलणे सुरू करावे, डिपॉझिट परत येण्याची वाट न पाहता दुसऱ्या खोलीसाठी राखीव रक्कम ठेवावी आणि निदान दोन वर्षे प्रत्येक कुटुंबाची खुशाली नोंदवावी, अशी लेखी मागणी मी आणि काही वर्गणीदारांनी केली आहे. शिवाय, अर्ज नाकारल्याचे कारण अर्जदाराला तोंडी सांगितले जाते, तेही बंद व्हायला हवे. कागदावर दिलेले कारण दुसऱ्याला दाखवता येते, त्यावर दाद मागता येते. ज्यांना आयुष्यभर सगळीकडून तोंडीच हाकलले गेले, त्यांना निदान आपण तरी लेखी उत्तर द्यावे.

हिशेबाच्या बाबतीत मला तक्रार नाही. नोंदणी होण्यापूर्वीच्या काळात महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क नुसार धर्मादाय आयुक्तांची परवानगी घेऊनच वर्गणी गोळा केली गेली. गणेशोत्सव मंडळांचे कार्यकर्ते सोबत असल्याचा इथे फार उपयोग झाला, कारण त्यांना ही वाट पाठ असते. आता विश्वस्त संस्था नोंदलेली आहे, दर वर्षी लेखापरीक्षण होते आणि जमाखर्च सोसायट्यांच्या सूचनाफलकांवर लागतो. डिपॉझिटचे खाते वेगळे आहे, त्यामुळे फिरत राहायची रक्कम पगारात किंवा कार्यक्रमात खर्च होत नाही. आयकरात देणगीची वजावट मिळते, मात्र २,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोखीने दिली तर मिळत नाही आणि नवी करप्रणाली निवडलेल्यांनाही मिळत नाही. पावती येण्यास विलंब होतो, तो सुधारावा.

असा निधी उभारला की पालिकेची जबाबदारी हलकी होते, असा आक्षेप मी अनेकांकडून ऐकला आहे. आकडे वेगळे सांगतात. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने घालून दिलेल्या निकषानुसार शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांसाठी बारमाही निवारा हवा. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती. म्हणजे निकष पूर्ण पाळला तरी जागा होतात १२,४००. त्याच जनगणनेने मुंबईत मोजलेल्या बेघरांची संख्या ५७ हजारांहून अधिक होती. म्हणजे सरकारी निकष तंतोतंत पाळला गेला तरी पाचांपैकी जवळपास चार जण बाहेरच राहतात. मुंबईत तो निकषही पूर्ण झालेला नाही, आणि नवरा-बायको-मुले यांना एकत्र राहता येईल असे निवारे तर फारच थोडे आहेत. तेव्हा निवारे वाढवण्याची मागणी आणि हा निधी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालायला हव्यात. आमचा निधी जी उत्तर आणि एफ दक्षिण विभाग कार्यालयांना कौटुंबिक निवाऱ्यासाठी नियमित पत्रे देतो, उचलून नेलेल्या सामानाबद्दल विचारणा करतो आणि कुटुंबाला सोबत घेऊन ते सोडवून आणतो. हे काम अहवालात दोन ओळींत उरकलेले असते. त्याला अधिक जागा मिळायला हवी.

आपल्या भागात असा निधी सुरू करणाऱ्यांनी पन्नास कुटुंबांची यादी करून बसू नये. पाच डिपॉझिटांएवढी रक्कम जमली की काम सुरू करता येते, आणि पहिल्या पाच करारांत मालक, एजंट, पोलीस ठाणे, पाणी आणि शाळा यांबद्दल जे कळते ते कोणत्याही नियमावलीत आधी लिहिता येत नाही. समितीत फुटपाथवर राहिलेल्या किमान दोन व्यक्ती पहिल्या दिवसापासून घ्याव्यात आणि बैठक त्यांच्या कामाच्या वेळा सांभाळून ठेवावी. आमच्याकडे ती रविवारी दुपारी तीनला असते, कारण तोवर फुलबाजारातले काम आटोपलेले असते. या निधीला किंवा अशा कोणत्याही निधीला पैसे देताना देणगीच्या फॉर्मवर ‘डिपॉझिट खाते’ असा स्पष्ट उल्लेख करावा. तसा उल्लेख नसेल तर आमच्याकडे रक्कम सर्वसाधारण खात्यात जमा होते आणि ती नंतर वळती करता येत नाही.